कायद्याचे चार शब्द
(महिला मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला आपण दरवर्षी स्वयंपाक, आरोग्य, मुलांचे संगोपन अशा विषयांवर ऐकत आलो. यंदा चिटणीसबाईंनी मला घरातल्या कायद्यावर बोलायला सांगितले. मी वकील नाही. माझी शाळा सातवीत सुटली. तेव्हा कलमांचा काथ्याकूट माझ्याकडून होणार नाही. विधी सेवा प्राधिकरणाच्या शिबिरांना मी जात असते. तिथे ऐकलेले वहीत उतरून घेते आणि जे उमगत नाही ते वकीलबाईंना पुन्हा पुन्हा विचारते. त्या वहीतले निवडून आज आपल्यापुढे ठेवते.

आपल्याकडे म्हण आहे, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. म्हण खोटी नाही. खर्च, हेलपाटे, मनस्ताप हे सगळे खरेच आहे. परंतु आपण बायकांनी त्या म्हणीचा अर्थ असा लावून घेतला, की कोर्टातला शब्दसुद्धा कानांवर पडू देऊ नये. तिथेच आपला घात होतो. पुष्कळ बायकांवर कोर्टाची पायरी चढायची वेळ येते ती घरात, चहाचा कप बाजूला सारून केलेल्या एका सहीमुळे. गुरुवारच्या बाजारात मेथीची जुडी घेतानासुद्धा आपण ती उलटून पाहतो. कागद मात्र न उलटता सही करून मोकळ्या होतो. म्हणून आजचा माझा विषय म्हणजे काही शब्द आहेत. नांदणे, फारकत, पोटगी, स्त्रीधन, हक्कसोड, वारस. हे शब्द आपल्या रोजच्या तोंडातले आहेत, पण कागदावर गेले की त्यांचे वजन बदलते.

शब्दांकडे वळण्यापूर्वी एक आठवण करून देते. आपल्या छावणीच्या शेजारीच नागसेनवन आहे. तिथल्या मिलिंद महाविद्यालयाची कोनशिला १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते बसली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेव्हा देशाचे कायदेमंत्री होते आणि हिंदू स्त्रीला वारसा, घटस्फोट व दत्तक यांत हक्क देणारे हिंदू कोड बिल घेऊन दिल्लीत झगडत होते. ते बिल मार्गी लागेना. त्याच महिन्याच्या २७ तारखेला बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. राजीनाम्यामागे कारणे आणखीही होती, पण हे बिल त्यांतले मोठे कारण होते. पुढे १९५५ आणि १९५६ या दोन वर्षांत त्याच बिलाचे तुकडे चार निरनिराळ्या कायद्यांच्या रूपाने मंजूर झाले. विवाहाचा, वारशाचा, अज्ञान मुलांच्या पालकत्वाचा आणि दत्तक व पोटगीचा. ज्या हक्कासाठी एका माणसाने मंत्रिपद सोडले, तो हक्क आपण नुसत्या अज्ञानाने सोडून द्यावा, हे मला बरे वाटत नाही.

आता आपल्या छावणीत सर्व धर्मांच्या भगिनी नांदतात, तेव्हा कोणाला कोणता कायदा हे आधी सांगितले पाहिजे. वर सांगितलेले चार कायदे हिंदूंबरोबर बौद्ध, जैन आणि शीख यांनाही लागू आहेत. मुसलमान भगिनींना त्यांचा शरीयत कायदा आणि १९३९ चा विवाहविच्छेदाचा कायदा लागू होतो. या १९३९ च्या कायद्याने मुसलमान स्त्रीला स्वतः कोर्टात जाऊन तलाक मागता येतो. ख्रिस्ती भगिनींना १८७२ चा विवाह कायदा, १८६९ चा घटस्फोट कायदा आणि १९२५ चा वारसा कायदा लागू आहे. २००१ साली दुरुस्ती होऊन ख्रिस्ती स्त्रीला घटस्फोटाची कारणे पुरुषाच्या बरोबरीने मिळाली. दोघे निरनिराळ्या धर्मांचे असून धर्म न बदलता लग्न करणार असतील, तर त्यांच्यासाठी १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे. पोटगीचे फौजदारी कलम आणि घरातल्या छळाविरुद्धचा २००५ चा कायदा मात्र सगळ्याच धर्मांच्या स्त्रियांसाठी आहे.

पहिला शब्द घेते तो नांदणे. मुलगी नांदायला गेली, सुखाने नांदते आहे, नांदत नाही म्हणून माहेरी आली, हे आपण सहज बोलतो. कायद्यात या शब्दाचा एक दावाच आहे. नवरा-बायकोपैकी एकाने योग्य कारणाशिवाय दुसऱ्याची सोबत सोडली, तर दुसऱ्याने कोर्टात अर्ज करायचा की याने किंवा हिने माझ्याजवळ येऊन नांदावे. या दाव्याची सर्वांत गाजलेली हकीकत मराठी घरातलीच आहे.

मुंबईच्या रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी झाले. त्या सासरी गेल्या नाहीत. आई आणि सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरी राहून त्या वाचन करीत राहिल्या. १८८४ साली नवऱ्याने, दादाजी भिकाजी यांनी, नांदायला येण्याचा दावा लावला. पुढल्या वर्षी न्यायमूर्ती पिन्हे यांनी तो फेटाळला. त्यावर अपील झाले, खटला पुन्हा चालला आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला, की एक तर नवऱ्याकडे जा, नाही तर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाईंनी तुरुंग पत्करीन असे कळवले. त्या काळात बाईने असे म्हणायचे म्हणजे केवढे धैर्य! वर्तमानपत्रांतून त्यांच्यावर झोड उठली. अखेर १८८८ साली दादाजींना दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली आणि रखमाबाई मोकळ्या झाल्या. पुढे त्या विलायतेला गेल्या, १८९४ साली डॉक्टर होऊन आल्या आणि सुरत व राजकोट येथे त्यांनी जन्मभर स्त्रियांची सेवा केली. १९५५ च्या मे महिन्यात हिंदू विवाह कायदा अमलात आला आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात रखमाबाई वारल्या.

नांदण्याचा दावा त्या नव्या कायद्यातही राहिला, आजही आहे. पण आता त्यात तुरुंग नाही आणि पोलीस हाताला धरून सासरी पोचवीत नाहीत. हुकूम होऊन वर्षभर दोघे एकत्र आले नाहीत, तर दोघांपैकी कोणालाही त्या कारणावर घटस्फोट मागता येतो. हुकूम मुद्दाम मोडला तर मिळकतीवर जप्तीही येऊ शकते. म्हणून असे समन्स आले तर ते फडताळात ठेवून देऊ नये. तारखेला हजर राहून, मारहाण असो, दारू असो, दुसरी बाई असो, न नांदण्याचे आपले कारण सांगावे. कित्येकदा बायकोने पोटगीचा अर्ज केला की उत्तर म्हणून हा दावा येतो, आणि नांदायला आली नाहीस तर पोटगी बंद, असा धाक घातला जातो. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे, की नुसता असा हुकूम मोडला एवढ्यावरून बायकोची पोटगी बुडत नाही. न येण्याचे कारण काय, ते पाहिले पाहिजे.

याच शब्दाला जोडून घराचे सांगते. घर माझ्या नावावर आहे, चालती हो, असे म्हणून सुनेला रात्री बाहेर काढता येत नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याप्रमाणे ज्या घरात ती नवऱ्याबरोबर नांदली, त्या घरात राहण्याचा तिला हक्क आहे. घर सासू-सासऱ्यांच्या नावावर असले तरी ते तिचे नांदते घर ठरू शकते, असे २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे. हा मालकीचा हक्क नव्हे, राहण्याचा आहे. आणि म्हाताऱ्या सासू-सासऱ्यांच्या शांततेचा विचारही कोर्ट करते. दोन्ही बाजू सांगितलेल्या बऱ्या, कारण आपल्यांत सुनाही आहेत आणि सासवाही आहेत.

दुसरा शब्द फारकत. याला कोणी काडीमोड म्हणतात, कोणी सोडचिठ्ठी. चार पंच बसले, स्टॅम्पच्या कागदावर दोघांच्या सह्या झाल्या, वकिलाचा किंवा नोटरीचा शिक्का बसला, की झाले मोकळे, असा आपला समज असतो. हिंदू विवाह कायद्याखाली लग्न मोडते ते कोर्टाच्या हुकुमाने. जुन्या जातरिवाजाची फारकत कायद्याने साफ नाकारलेली नाही, परंतु असा रिवाज आपल्या समाजात पूर्वापार आणि अखंड चालत आला आहे हे पुराव्याने सिद्ध करावे लागते. ते सिद्ध झाले नाही तर तो कागद निरुपयोगी ठरतो आणि पहिले लग्न कायम राहते.

याचा चटका बसतो तो मुलीला. फारकतीच्या कागदावर विसंबून तिचे दुसरे लग्न लावले आणि पहिले कायम ठरले, की दुसरे लग्न रद्दबातल होते. किंवा ज्याच्याशी लग्न लावले, त्याचीच पहिली बायको हयात निघते. अशा लग्नातली मुले कायद्याने औरस मानली जातात आणि आईबापांच्या मिळकतीत त्यांना हक्क असतो. पण बाईला मात्र बायको म्हणून उभे राहणे कठीण जाते. महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात, पहिले लग्न लपवून फसवलेल्या बाईला पोटगी द्यावी, असा निर्णय २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने दिला, हा त्यातला दिलासा. तरी सोयरीक ठरवताना मुलाकडून कोर्टाच्या हुकुमाची नक्कल मागावी. नुसत्या स्टॅम्पच्या कागदावर मुलगी देऊ नये.

दोघांनाही सोडायचेच असेल तर परस्पर संमतीचा मार्ग आहे. वर्षभर वेगळे राहिल्यावर दोघांनी मिळून अर्ज करायचा, त्यानंतर सहा महिने विचाराला द्यायचे, आणि मग हुकूम. हे सहा महिने योग्य कारण असल्यास कोर्ट माफ करू शकते, असे २०१७ साली ठरले. पण ध्यानात ठेवा, अर्जावर सही केली म्हणजे सगळे संपले असे नाही. शेवटचा हुकूम होण्यापूर्वी आपली संमती मागे घेता येते. पोटगी, दागिने, मुले यांचे कागदावर पक्के झाल्याखेरीज हो म्हणू नये.

तिसरा शब्द पोटगी. काही भगिनींना हा शब्द भिकेसारखा वाटतो. त्याचे पैसे मला नकोत, असे ताठ मानेने म्हणतात. मानी स्वभाव चांगला, पण पोटगी ही भीक नव्हे. ज्या संसारात तिने उमेदीची वर्षे घातली, त्या संसाराची ती देणेदारी आहे. पूर्वी हे फौजदारी कलम १२५ म्हणून सर्वांना ठाऊक होते. १ जुलै २०२४ पासून नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते १४४ झाले. आकडा बदलला, हक्क तोच आहे. स्वतःचे पोट भरू न शकणारी बायको, घटस्फोट झाला पण पुन्हा लग्न केले नाही अशी स्त्री, अज्ञान मुले आणि म्हातारे आईबाप, या सर्वांना त्यात मागता येते. निकालाला वेळ लागणार असेल तर मधल्या काळासाठी तात्पुरती पोटगी मागावी. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने, महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका खटल्यात, दोन गोष्टी सांगितल्या. पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरावी, आणि नवरा-बायको दोघांनीही आपापली मिळकत व खर्च शपथेवर लिहून द्यावा. म्हणजे अर्ज उशिरा केला तर तेवढे महिने बुडाले. भाऊ काय म्हणतील या विचारात दोन-दोन वर्षे घालवू नयेत.

मुसलमान भगिनींसाठी आपल्याच शहरातली एक मोठी गोष्ट आहे. मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ इथे १९८१ च्या ऑगस्टमध्ये सुरू झाले. या खंडपीठात २००२ साली तीन न्यायमूर्तींच्या पूर्णपीठापुढे असा प्रश्न आला, की बायकोने पोटगी मागितली आणि नवऱ्याने कोर्टातल्या कैफियतीत, मी हिला पूर्वीच तलाक दिला आहे, एवढे लिहून दिले, तर तलाक झाला का? न्यायालयाने सांगितले, नाही. तलाकाला योग्य कारण हवे, त्याआधी दोन्हीकडच्या माणसांनी समेटाचा प्रयत्न केलेला हवा, आणि हे सगळे कोर्टात पुराव्याने सिद्ध व्हायला हवे. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयानेही याच अंगाने निकाल दिला. पुढे २०१७ साली एका दमात दिलेला तिहेरी तलाक रद्द ठरला आणि २०१९ साली तो गुन्हा झाला. १९८५ साली शाहबानो बेगम यांच्या खटल्याने जो प्रश्न देशापुढे आला, त्याचे उत्तर जुलै २०२४ मध्ये पुन्हा एकदा स्पष्ट झाले, की घटस्फोट झालेली मुसलमान स्त्रीही या सर्वसाधारण फौजदारी कलमाखाली पोटगी मागू शकते.

चौथा शब्द स्त्रीधन. लग्नात, लग्नाआधी किंवा लग्नानंतर माहेरहून, सासरहून, इष्टमित्रांकडून मुलीला प्रेमाने मिळालेले दागिने, भांडी, रोकड हे तिचे स्वतःचे धन आहे. सासूच्या कपाटात ठेवले म्हणून ते सासूचे होत नाही. १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की सासरच्या माणसांकडे ते नुसते विश्वासाने ठेवलेले असते. मागितल्यावर परत दिले नाही तर तो विश्वासघाताचा गुन्हा होतो. हुंडा निराळा. हुंडा मागणे, देणे, घेणे हा १९६१ च्या कायद्याने गुन्हा आहे. आणि १९८५ च्या नियमांप्रमाणे लग्नातल्या भेटींची यादी करून तिच्यावर सह्या घ्यायच्या असतात. मानपानाची यादी आपण किती कसोशीने करतो! कोणाला टोपी, कोणाला टॉवेल, कोणाला साडी. त्याच वहीच्या पुढच्या पानावर मुलीच्या दागिन्यांची यादी वजनासह लिहावी, सराफाच्या पावत्या जपाव्यात आणि एक नक्कल मुलीजवळ द्यावी. मुसलमान भगिनींनी महर किती ठरला आणि तो दिला की बाकी आहे, हे निकाहनाम्यात नीट लिहून घ्यावे.

आता येते त्या शब्दाकडे, ज्याच्यासाठी मी आज मुख्यतः उभी राहिले. तो शब्द हक्कसोड.

माझी एक मावसबहीण आहे. वडील गेल्यावर तेराव्याला भाऊ म्हणाले, ताई, वारसनोंद करायची आहे, तालुक्याला येऊन एक सही करून जा. ती गेली. फोटो काढला, अंगठा घेतला, सही झाली. भावांनी साडीचोळी केली. चार वर्षांनी तिचे यजमान आजारी पडले, तेव्हा तिने जमिनीची चौकशी केली. सातबाऱ्यावर तिचे नाव नव्हते. तिने जो कागद केला होता तो वारसनोंदीचा अर्ज नव्हता, नोंदणी केलेले हक्कसोडपत्र होते. आज ती दावा लढते आहे आणि फसवून सही घेतली हे सिद्ध करण्याचा भार तिच्यावर आहे. बारा एकर जमीन, तीन भाऊ, एक बहीण. रुपयांचा हिशेब बाजूला ठेवू. ती म्हणते, मागितले असते तर मी आनंदाने सोडले असते, पण मला विचारले नाही, हे मनातून जात नाही.

तेव्हा दोन शब्दांतला फरक पक्का करून घ्या. वारसनोंद म्हणजे मयताच्या जागी सर्व वारसांची नावे लावणे. तिने तुमचे नाव लागते. हक्कसोडपत्र म्हणजे आपला हिस्सा दुसऱ्या हिस्सेदाराच्या नावे सोडून देणे. त्याने तुमचे नाव जाते. पहिल्याचा अर्ज तलाठ्याकडे होतो. दुसऱ्याला दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नोंदणी लागते. तिथे फोटो आणि अंगठा घेऊ लागले, की थांबावे आणि विचारावे, हा दस्त कशाचा?

मुळात हक्क काय आहे तेही सांगते. हिंदू वारसा कायदा १९५६ चा. वडिलांनी स्वतः कमावलेली मिळकत असेल आणि मृत्युपत्र केलेले नसेल, तर मुलगे, मुली, विधवा बायको आणि वडिलांची आई हयात असेल तर ती, या सर्वांना सारखा हिस्सा. म्हणजे मागे बायको, दोन मुलगे आणि एक मुलगी असली तर घराचे चार सारखे भाग. वडिलोपार्जित मिळकतीत मात्र जन्माने हक्क फक्त मुलग्यांना होता. महाराष्ट्राने १९९४ साली तो मुलींनाही दिला, पण तोवर लग्न झालेल्या मुली वगळल्या. ९ सप्टेंबर २००५ पासून सबंध देशात मुलगी, लग्न झालेली असो वा नसो, मुलाच्या बरोबरीची हिस्सेदार झाली. त्या दिवशी वडील हयात नव्हते तर काय, यावर पुष्कळ वर्षे वाद चालला. ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो मिटवला. हक्क जन्माचा आहे, वडील त्या दिवशी हयात असण्याची गरज नाही. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीने किंवा कोर्टाच्या हुकुमाने झालेली वाटणी आता उकरता येत नाही. ख्रिस्ती कुटुंबात, मृत्युपत्र नसेल तर, विधवेला एक तृतीयांश आणि उरलेले मुलगे व मुलींना सारखे. मुसलमान कुटुंबात मुलीचा हिस्सा मुलाच्या निम्मा, पण तो ठरलेला आहे आणि कोणाच्या मर्जीवर नाही.

आता मला ठाऊक आहे, तुमच्यापैकी काहीजणी मनात काय म्हणत आहेत. हिस्सा मागितला तर माहेर तुटेल. दिवाळीला, राखीला कोण बोलावील? आजारपणात भाऊच धावतो. ही भीती खोटी नाही आणि तिची टिंगल मी करणार नाही. कोणी हिस्सा घ्यावा, कोणी सोडावा, हे ज्याच्या त्याच्या घरावर आहे. भाऊ गरीब असेल, त्याने आईबापांचे केले असेल, आपले बरे चालले असेल, तर बहिणीने सोडण्यात मोठेपणा आहे. पण मोठेपणा केव्हा? आपल्याजवळ काय आहे हे ठाऊक असून दिले तेव्हा. ज्याला दान म्हणायचे ते देणाऱ्याला माहीत असावे लागते. आणि भावांनाही माझे सांगणे आहे, की बहिणीला कागद वाचून दाखवा. जे माहेर बहिणीच्या अज्ञानावर टिकून आहे, ते आज ना उद्या तुटणारच.

हक्काबरोबर कर्तव्यही येते. लग्न झालेल्या मुलीकडूनही, तिची ऐपत असेल तर, आईबापांना पोटगी मागता येते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९८७ साली महाराष्ट्रातल्या एका बापाच्या अर्जावर दिला. त्यातली मुलगी डॉक्टर होती. लेक परक्याचे धन, हे म्हणणे कायद्याने दोन्ही बाजूंनी मोडीत काढले आहे.

सहावा शब्द वारस, आणि त्याच्याशी घोटाळा होणारा शब्द नॉमिनी. बँकेच्या खात्यावर धाकट्या दिराचे नाव नॉमिनी म्हणून आहे, आता पैसे त्याचेच, असे विधवेला सांगितले जाते. बँक नॉमिनीच्या हाती पैसे देते, ते तिची जबाबदारी संपावी म्हणून. त्या पैशांचे मालक वारसच असतात. आपल्या भिंतीवरचे कालनिर्णय ज्यांनी सुरू केले, त्या जयंत साळगावकरांच्या मृत्युपत्राचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले होते. त्यात डिसेंबर २०२३ मध्ये शेअर्सच्या बाबतीतही हेच ठरले, की नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. पेन्शन, विमा यांचे नियम थोडे निराळे असतात, ते त्या त्या कचेरीत विचारून घ्यावेत. छावणीत फौजी घरे पुष्कळ, म्हणून मुद्दाम सांगते. यजमानांच्या कागदांवर कोणाचे नाव आहे ते त्यांच्या हयातीतच पाहून ठेवा.

मृत्युपत्राचेही दोन शब्द. बाईने कशाला मृत्युपत्र करायचे, असे आपण म्हणतो. उत्तरेकडच्या एका बाईची हकीकत ऐका. १९५५ साली लग्न झाले, तीन महिन्यांत नवरा वारला, सासरच्यांनी हाकलून दिले. माहेरी शिकून ती नोकरीला लागली, पैसा साठवला. १९९६ साली ती मृत्युपत्र न करता वारली. मूलबाळ नव्हते. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाला, कायदाच तसा असल्यामुळे, तिची कमाई त्याच सासरच्या वारसांना द्यावी लागली. एक कागद लिहून ठेवला असता तर हे टळले असते. मृत्युपत्राला स्टॅम्प लागत नाही, साधा कागद चालतो. दोन साक्षीदारांच्या समोर सही करावी आणि त्या दोघांनीही सही करावी. नोंदणी केली तर बरे, सक्ती नाही. मुसलमान भगिनींना वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशापुरतेच मृत्युपत्र करता येते.

शेवटी मुलांविषयी. ताबा म्हणजे मूल कोणाजवळ राहील, पालकत्व म्हणजे त्याच्या वतीने निर्णय कोण घेईल. पाच वर्षांखालचे मूल सामान्यतः आईजवळ असावे असे हिंदू कायद्यातच लिहिले आहे. त्यापुढे कोर्ट मुलाचे हित पाहते. आई कमावत नाही एवढ्यावरून मूल तिच्याकडून जात नाही. आईही स्वाभाविक पालक आहे, बाप जिवंत असला तरी, हे १९९९ साली सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले. आणि १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे आईचे नाव लिहिणे महाराष्ट्र सरकारने सक्तीचे केले आहे. मुलाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे, मग आडनाव. आपल्या नातवंडांच्या दाखल्यांवर ते लागले आहे ना, एवढे तरी पाहा.

भगिनींनो, इतके सगळे लक्षात राहणार नाही. राहायची गरजही नाही. स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळतो, असे १९८७ च्या विधी सेवा कायद्यात आहे. जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाची कचेरी आहे. दूरध्वनी करायचा तर १५१००, आणि घरात मारहाण होत असेल तर महिलांसाठी १८१. एवढे दोन आकडे कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवा.

आणि तीन गोष्टी पाळा. पहिली, कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा कधीही देऊ नका, मागणारा नवरा असो, भाऊ असो की मुलगा. दुसरी, दस्त कशाचा आहे हे तोंडाने विचारा आणि वाचून घ्या किंवा वाचून घेववा. घाईने करायला सांगितलेली सही उद्यावर टाका. खरी असेल तर ती उद्याही होते. तिसरी, केलेल्या प्रत्येक कागदाची नक्कल आपल्याजवळ ठेवा. विचारणारी बाई भांडखोर ठरत नाही. रखमाबाईंनी विचारले म्हणून पुढच्या पिढ्यांना उत्तर मिळाले.

मंडळाला माझी एक सूचना आहे. येत्या वर्षात महिन्यातून एक दुपार ठरवावी, ज्या दिवशी कोणत्याही भगिनीने आपला कागद घेऊन यावे आणि आपल्यातल्या शिकलेल्या मुलींनी तो मोठ्याने वाचून दाखवावा. न कळलेला शब्द वहीत लिहावा आणि वकीलबाईंना विचारून यावा. खर्च काही नाही, सतरंजी आपली आहेच. पहिल्या दुपारी माझी वही घेऊन मी हजर राहीन.